सेलरीसाठी स्थळ

भिंगारहून निघाले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मिठाईचं खोकं. खोक्यात चहाच्या कागदी कपांत लावलेली सेलरीची सहा रोपं उभी होती. रिक्षावाल्याने विचारलं, "काकू, कोथिंबीर एवढी जपून कुठं नेताय?"

"कोथिंबीर नाही रे बाबा, तिची परदेशी चुलत बहीण. स्थळ पाहायला निघालेय तिच्यासाठी."

तो खदखदून हसला. मला मात्र तितकंसं हसू येत नव्हतं.

कारण सांगते. आमचे हे डिसेंबरात निवृत्त होत होते आणि महिनाअखेरीस क्वार्टर सोडायचं होतं. नवा फ्लॅट नगरात, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याला गॅलरीच नाही. एक पश्चिमेची खिडकी, तीही समोरच्या भिंतीला नाक लावून बसलेली. इतकी वर्षं मी क्वार्टरच्या गच्चीवर वांगी, मिरच्या, घेवडा, कांद्याची पात, काय काय पिकवलं! निघायच्या आधी सगळ्या कुंड्या शेजारपाजारी वाटल्या. वांग्याच्या हातोहात गेल्या. सेलरीकडे बघून मात्र जो तो विचारी, "हे खायचं कशाशी?"

सेलरीचं बी मला बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या बायकोने दिलं होतं. पहिल्या वर्षी मी ते मातीत खोल पुरलं. त्याला उगवायला उजेड लागतो हे मागाहून कळलं. दुसऱ्या वर्षी रोपं आली, पण उन्हाळ्याच्या तोंडावर भिंगारची गच्ची अशी तापली की दांडे दोरीसारखे चिवट होऊन फुलावर गेले. तिसऱ्या खेपेला दसऱ्यानंतर पेरलं, वर ओलं गोणपाट, आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोज दुपारी बर्फाचे खडे. हे म्हणाले, "लग्नात मला साधं सरबतसुद्धा थंड मिळालं नव्हतं!" पण सहा रोपं जगली. आणि मी मनाशी पक्कं केलं की यांना जागा मिळाली तर ठीक, नाही तर यापुढे मातीला हात लावायचा नाही. पुरे झालं.

पहिला मुक्काम पारनेर, माझ्या थोरल्या नणंदेकडे. एस.टी.तून उतरले तेव्हा हवा कोरडी ठणठणीत आणि वारा असा की घरी पोचेस्तोवर ओठ फुटले. वन्संचं अंगण मात्र बघण्यासारखं. भिंतीवर वालाचा वेल, कोपऱ्यात शेवगा आणि न्हाणीच्या पाटाला हातभर पानांचं आळू. मला वाटलं, झालं, काम फत्ते.

वन्संनी चष्मा पुसून रोपं न्याहाळली. "पाणी किती लागतं गं हिला?"

"माती कायम ओली हवी."

"मग नाही जमायचं, सुधा. इथं अंघोळीचं पाणी आळूला आणि भांड्यांचं वालाला. तिसरं पाणी आणू कुठून? तोंडदेखलं हो म्हणेन, तू गेलीस की आठ दिवसांत मरतील. मग तू फोनवर चौकशी करणार आणि मी 'छान आहेत हो' म्हणून थापा मारणार. हवंय कशाला?"

खरं सांगते, मला रागच आला. इतक्या लांब आणलं आणि ही बाई तोंडावर नाही म्हणते! पण रात्रीच्या जेवणाला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळलेली, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली कडबोळी) होते आणि त्यांच्यापुढे माझा राग टिकत नाही. वन्संनी मला विचारून बाहेरची दोन पानं खुडली आणि रश्श्यात बारीक चिरून टाकली. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "अजमोद्याच्या घरची दिसते. बरी आहे गं. पण पाणी तेवढं पाजू शकत नाही मी." त्या खरं बोलल्या म्हणून रोपं वाचली, हे मला दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर पटलं.

दुसरं स्थळ पुणतांब्याचं. तिथल्या मंदाताई घरच्या भाज्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या. कधी लिहायच्या नाहीत, नुसते आवाजी निरोप पाठवायच्या आणि त्यात मागून कोंबडा आरवायचा. प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. नगरहून रेल्वेत बसले. राहुरीनंतर खिडकीबाहेर ऊसच ऊस, मधून पेरूच्या बागा, हवेलाही ओलसर गारवा. एकाच जिल्ह्यात, सकाळी ओठ फुटलेले आणि दुपारी अंगावर शाल!

स्टेशनवर मंदाताई स्कूटी घेऊन हजर. "या ताई! आवाजावरनं तुमी लई उंच वाटल्या हुत्या." खोकं मांडीवर धरून मी मागे बसले आणि आम्ही थेट वावरात (शेतात) गेलो, कारण कांद्याची लागवड चालू होती. पाच-सहा बायका ओल्या वाफ्यांत ओणव्या होत्या. बांधावर कांद्याच्या रोपांच्या जुड्या मांडलेल्या. मी माझं खोकं त्यांच्याशेजारी सावलीत ठेवलं आणि मंदाताईंबरोबर विहिरीवर हातपाय धुवायला गेले.

दहा मिनिटांत परतले तर खोकं रिकामं! सहा कप फाटून पडलेले आणि बाजूला हिरव्यागार पानांचा ढीग.

"अगं बाई! माझी रोपं?"

सगळ्यांत म्हाताऱ्या हिराबाई विळा हातात घेऊनच उठल्या. "लावली की. त्या कडंच्या सरीत."

"आणि पानं?"

"शेंडं छाटल्याबिगर रोप कोन लावतं? पाला ऱ्हायला तर मुळी धरत न्हाई."

कांद्याचं रोप लावण्याआधी वरची पात कापायची ही तिथली रीत, आणि बांधावर ठेवलेलं रोप म्हणजे लावायचं रोप. त्यांचं काय चुकलं? माझ्या सेलरीचे नुसते बोटभर बुडखे चिखलात उभे होते. बर्फ खाऊन वाढलेली ती लाडावलेली रोपं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मंदाताई ओशाळल्या. मी वाफ्याच्या कडेला मटकन बसले आणि गॅलरी, फ्लॅट, मातीला हात न लावायचा पण, सगळं भडाभडा बोलून टाकलं.

हिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गच्ची गेली म्हनून रडता व्हय? मला न्हाई वावर, न्हाई गच्ची. दारात तुळस तेवढी हाय. पन समज आल्यापून लावतेय. ह्या शिवारात असं एक वावर न्हाई जिथं मी कांदा लावला न्हाई. दुसऱ्याचं असलं म्हनून काय झालं, लावलेलं उभं ऱ्हायलं की बरंच वाटतं ना?"

त्यांनी एक जुडी माझ्या हातात कोंबली. "बसा. नुसतं बसून कंबर धरंल."

मी साडी खोचली आणि त्यांच्या शेजारी ओणवी झाले. माझं रोप तिरकं गेलं की हिराबाई म्हणत, "अवं, त्याला झोपवू नका, उभं करा!" आणि सगळ्या बायका हसत. ऊन कलेपर्यंत लावत होते. कंबर अशी धरली की रात्री जेवण झाल्यावर पाटावरून मला दोघींनी उठवलं.

सकाळी दव पडलं होतं. मी चहाही न घेता कडेच्या सरीकडे गेले. सहाही बुडखे ताठ उभे होते, मधले कोंब शाबूत, आणि एका कोंबातून दाण्याएवढं नवं पान डोकावत होतं. मी त्याला हात लावला नाही, नुसती बघत बसले. मंदाताई मागून म्हणाल्या, "ह्यास्नी पाटाचं पानी भेटतंय, वर गारवा. जगत्यात बघा. पन काढायला तुमीच या, आमाला ते खायला येत न्हाई."

परत येताना गाडीत नखांतली काळी माती मी मुद्दाम धुतली नाही. गॅलरी नाही याचं वाईट वाटायचं थांबलं, असं म्हणणार नाही, वाटतंच. मातीला हात न लावायचा पण मात्र मोडला होता, तोही मनापासून. नगर स्टेशनवर हे घ्यायला आले होते. माझे हात बघून त्यांनी जरा भीतभीतच विचारलं, "लागली का गं रोपं?"

"लागली," मी म्हटलं. "सेलरीची सहा. कांद्याची किती, ते काही मोजलं नाही. अहो, पुढच्या आठवड्यात हिराबाई शेजारच्या वावरात लावणार आहेत. मी येते म्हणून सांगून आलेय."