टवका उडालेली गिटार

माझ्या गिटारचा टवका उडाला तो एस.टी.च्या दारात. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. मी मोऱ्याच्या कोळीवाड्यातून वाशीला ऑफिसला जायची आणि शनिवारी हाफ डे संपला की तिथल्याच एका सोसायटीतल्या आठ मुलांना गिटार शिकवायची. त्या दिवशी उतरताना ती दाराच्या लोखंडी दांड्यावर आपटली आणि खालच्या कडेचं पॉलिश आठाण्याच्या नाण्याएवढं निघालं. आतलं कोरं लाकूड दिसायला लागलं. आवाजाला काहीही झालं नव्हतं.

झालं ते सोसायटीच्या सेक्रेटरींना. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलं वाजवणार होती आणि मी त्यांच्यासोबत. ते म्हणाले, "मॅडम, पाहुणे येणार. असली खरचटलेली गिटार स्टेजवर बरी दिसत नाय. तुमी मागे उभ्या राहा ना, उगाच टेन्शन कशाला?"

गिटारचं नुसतं निमित्त. कोळ्याची पोर पुढच्या खुर्चीत बसणार हे त्यांना खुपत होतं, आणि ते न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, टवका असा भरीन की भिंग घेऊन शोधत बसा.

तेव्हा वाशीत जो तो नव्या फ्लॅटमध्ये फर्निचर करून घेत होता. अशाच एका जिन्यात बसलेल्या पॉलिशवाल्याने मला युक्ती सांगितली. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख काडीच्या टोकाने थेंबभर सोडायची. वाळली की पुन्हा थेंब. खड्डा भरून किंचित वर आला की बारीक पाणकागदाने घासून सपाट करायचा. पावसात घाई केली तर लाख पांढरी पडते, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून मी गिटार चुलीपासून जरा लांब, उबेला ठेवायची आणि दिवसाला एकच थेंब सोडायची. अकरा दिवसांत टवका जवळजवळ भरला.

चौदा तारखेला घरी आले तर गिटार पडवीत लखलखत होती. पावसाळ्यात बाबांची बोट किनाऱ्यावर ओढलेली असायची आणि ते तिला माशाचं तेल पाजत बसायचे. उरलेलं तेल त्यांनी माझ्या गिटारला लावलं होतं. बाहेरून तर लावलंच, मधल्या भोकातून हात घालून आतूनही चोपडलं होतं.

"येकाच जाग्याला भरून काय व्हतंय, बाय? पानी दुसरीकरून शिरतं. सगल्या अंगाला लावलंय. आता काय घोर नाय."

मी त्यांच्यावर किंचाळले. नको ते बोलले. तुम्हाला अक्कल नाही, असंही म्हणाले. बाबा हातातल्या तेलाच्या चिंधीची घडी करत राहिले. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तणतणत सगळी गिटार पुसली. तेलाची चकाकी गेली आणि त्याच स्पिरिटमध्ये माझी अकरा दिवसांची लाखही विरघळून गेली. टवका पुन्हा उघडा पडला. वास मात्र होता तिथेच होता.

सकाळी स्टेजवर गिटार पिशवीतून काढली तशी पहिल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला. "कसला वास येतोय हो?"

पिशवी पावसात भिजली, असं सांगता आलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण चिंधीची घडी करणारे बाबा डोळ्यांसमोर आले आणि मला माझीच लाज वाटली.

"माशाच्या तेलाचा," मी माइकमध्येच म्हणाले. "माझ्या बाबांनी लावलंय. बोटीला लावतात तेच. मी पुढेच बसणार आहे. ज्यांना सहन होत नाही त्यांनी मागे जाऊन उभं राहावं."

खुर्ची पुढे ओढली आणि टवका मुद्दाम लोकांकडे करून बसले. आतल्या तेलामुळे आवाज दबका येत होता, तरी दोन्ही गाणी पूर्ण वाजवली. मुलं एका तालात राहिली. मागे कोणीही गेलं नाही.

तोवर मी रोज सकाळी एस.टी. पकडण्याआधी दोन्ही हातांना लिंबू चोळायची, ऑफिसात कोणाला मासळीचा वास येऊ नये म्हणून. सोळा तारखेपासून मी ते सोडून दिलं.