भाऱ्याआडचे बाबा

माझे वडील आयुष्यभर एसटी चालवत होते. अमरावतीहून अचलपूर, परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, अकोला, मोर्शी; वऱ्हाडातला एखादा रस्ता त्यांच्या गाडीखालून सुटला असेल तर तो रस्ता नसून पाऊलवाट असावी. घरी जेवायला बसले की पहिल्या घासाआधी कुणाचा तरी उद्धार व्हायचा. तो बहुतेक वेळा दिवा नसलेल्या बैलगाडीवाल्याचा असायचा. "मांगं साधा कंदील लटकवत नाई लेकाचे! अन् मंग म्हन्ते, ड्रायवरनं उडोलं." हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी जे आरंभलं ते पाहून माझं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

त्यांनी एक गाय घेतली. गाईबद्दल माझी काही तक्रार नाही, गाय गुणाची आहे. पण गाईला हिरवा चारा लागतो, चारा शेतात असतो, आणि आमचं शेत गावापासून अकोल्याच्या बाजूला, हमरस्त्याच्या कडेला आहे. रोज संध्याकाळी बाबा तिथून गवताचा भारा मोटरसायकलवर बांधून आणतात. भारा म्हणजे पेंढीबिंढी नव्हे. मागच्या सीटवर आडवा टाकलेला, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, खाली नंबरप्लेटपर्यंत लोंबणारा आणि वर बाबांच्या डोक्याला टेकणारा असा हिरवा डोंगर. मागचा लाल दिवा त्याच्या आत. इंडिकेटर त्याच्या आत. मागून येणाऱ्याला गवत दिसतं, तेही उजेड असेल तर. आणि बाबा निघतात नेमके उजेड संपल्यावर, कारण आधी निघालं तर शेताजवळच्या टपरीवरच्या गप्पा बुडतात.

यात आमचे बाबाच वेगळे आहेत असं मुळीच नाही. आमच्या भागात दिवेलागणीला कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, गवताचे, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या पोत्यांचे, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे डोंगर मोटरसायकलींवरून घरी चाललेले दिसतील. म्हणजे दिसणार नाहीत, हेच तर माझं म्हणणं आहे.

मी अकोल्याला नोकरी करते. रोज अंधार पडायला लागला की हातातलं काम ठेवून आईला फोन लावते. "आले का?" आई म्हणते, "येतीनच आता." त्या 'येतीनच'पासून ते खरंच येईपर्यंतचा वेळ मी कसा काढते ते मलाच ठाऊक. आई निदान फाटकात उभी राहून कान देऊ शकते.

मी सांगून पाहिलं. गाडीला रेडियमच्या पट्ट्या लावा म्हटलं. बाबा म्हणाले, "रेडियम बैलाच्या शिंगाले लावते. मी बैल हाओ का?" दोन फेऱ्या करा, छोटा भारा आणा म्हटलं, तर पेट्रोल काय तुझा सासरा देतो का, असं विचारलं. आरसा तरी नीट करा म्हटलं, तर म्हणाले, "त्याच्यात काय पाहू? भाराच दिसते." हे मात्र खरं होतं. हेल्मेट मी त्यांच्या वाढदिवसाला दिलं होतं. पुढच्या खेपेला गेले तर ते हँडलला लटकलेलं, तुरीच्या ओल्या शेंगांनी शिगोशीग भरलेलं. "लय मोठं हाये, दोन पायल्या मावते," असं कौतुकही ऐकून घ्यावं लागलं.

मग मी अकोल्याच्या बाजारातून चमकणारं जाकीट आणलं, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसं, भगव्या रंगाचं, रुपेरी पट्ट्यांचं. बाबांनी माझ्या समाधानासाठी अंगात घातलं. नेमकी तेव्हाच आई विहारातून घरी आली, आणि त्यांना पाहून पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "या वयात रोडच्या कामावर लागले का जी?" झालं! जाकीट उतरलं ते उतरलंच. मी आईशी दोन दिवस नीट बोलले नाही.

महिनाभरानं मी शेतात गेले तेव्हा हरभऱ्यात एक बुजगावणं उभं होतं. अंगात माझं जाकीट. बाबा अभिमानानं म्हणाले, "रातच्यानं ब्याटरी मारली का असं चमकते! रानडुक्कर वावरात पाय ठेवत नाई. बरं झालं तू आनलं ते." मी कपाळाला हात लावला. डुकराला दिसायला हवं हे ज्या माणसाला कळतं, त्याला ट्रकवाल्याला दिसायला हवं हे कळू नये? मी तसं विचारलंही. त्यावर उत्तर आलं, "मले नको शिकवू. मी ड्रायवर हाओ." या वाक्यापुढे आमच्या घरात आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

अशाच एका शनिवारी मी माझी कार घेऊन अकोल्याहून गावाकडे निघाले होते. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडलेला. गाव जवळ आलं म्हणून मी जरा निवांत झाले होते. समोरून एक ट्रक वरचे दिवे लावून आला, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. ट्रक गेला आणि पांढऱ्याचं काळं झालं. आणि त्या काळ्यात, अगदी माझ्या बॉनेटच्या पुढ्यात, गवत.

नुसतं गवत. माणूस नाही, गाडी नाही. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला असेन. गाडी किंचाळली, घसरली, थांबली. गवत आपलं पुढे चाललंच होतं, त्याला कशाचा पत्ता नव्हता. तेव्हा मला भाऱ्याखालून एक पाय दिसला. डावा, फूटरेस्ट सोडून बाहेर काढलेला, जरासा फेंगडा. मोटरसायकल चालवताना असा पाय जगात एकच माणूस काढतो.

बाबांना तिथेच थांबवावंसं वाटलं. पण मागून गाड्या येत होत्या, थांबून चालणार नव्हतं. मी गाडीचे चारही इंडिकेटर लावले आणि त्यांच्या मागे राहिले, त्यांच्या वेगानं. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून कान किटवत होते, एकानं तर शेजारून जाताना काच खाली करून मला शिवी हासडली. बसू दे शिवी, म्हटलं, पण यांच्या मागे माझ्याशिवाय कुणी यायचं नाही. बाबांनी भाऱ्याच्या बाजूनं हात काढून दोनदा खुणावलं, जा पुढं. मी गेले नाही. तिसऱ्यांदा खुणावलं ते चिडून.

अंगणात शिरल्यावर ते उतरले आणि माझ्या दिव्यांसमोर डोळ्यांवर हात धरून ओरडले, "कोन हाये बे? डोये फोडतं का? कव्हाचा मांगं लागला!"

मी दार उघडून उतरले आणि त्यानंतर मी जे बोलले ते आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं. सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "मले तुमी दिसलेच नाई बाबा! आता मारलं असतं मी तुमाले! मी! माह्या हातानं!" आणि मग मला रडू फुटलं, रागाचं आणि भीतीचं, दोन्हीचं.

बाबा म्हणाले, "ब्रेक लागला ना?"

"लागला."

"मंग झालं तं."

मी आत जाऊन तोंड धुतलं. त्यांनी भारा सोडला, गाईपुढे टाकला, आणि तिथेच गोठ्यात बराच वेळ उभे राहिले. जेवताना कुणाचा उद्धार नाही. आईनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का, तरी नुसती मान हलवली.

मी अंथरुणावर पडले होते. स्वयंपाकघरात आई भांडी आवरत होती, आणि बाबा तिला हळू आवाजात सांगत होते. मी झोपले असं त्यांना वाटलं असावं. "माह्यासंग एक ड्रायवर होता. त्याच्या गाडीखाली बिनदिव्याचा सायकलवाला आला होता. ड्रायवरची काही चूक नव्हती, साहेबानं बी लिहून देल्लं. पन मंग त्याच्यानं गाडीच चालवनं झालं नाई वं. स्टिअरिंगवर बसला का हात कापे. बसल्या बसल्या रडे." आईनं शेवटचं भांडं फळीवर ठेवलं. "मी मेलो असतो त्याचं काई नाई. माही पोरगी कशी जगली असती?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी उठले तर ओट्यावर तारा, पकड आणि कुठल्या तरी जुन्या गाडीचा लाल दिवा पसरलेला. बाबा मोटरसायकलच्या मागच्या भागाला एक लांब लोखंडी गज आवळत होते, भाऱ्याच्याही बाहेर येईल असा. गजाच्या टोकाला दिवा. मी चहा नेऊन दिला.

संध्याकाळी मात्र मला गाडी काढायला लावली. शेताकडे जाणाऱ्या अरुंद गाडीवाटेत, पांदणीत, त्यांनी भारा बांधलेली मोटरसायकल उभी केली आणि फोनवर हुकूम सुटायला लागले. "मांगं घे गाडी. दिसतो का?"

"दिसता."

"अजून घे."

पांदणीत गाडी मागे घेणं म्हणजे काय ते ज्यानं घेतली त्यालाच कळेल. दोन्हीकडे बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. काचेवर काटे कर्रकर्र ओरखडत होते. मी म्हटलं, बाबा, बस झालं, छान दिसता.

"तू घरची हाये म्हून म्हन्तं. अजून मांगं जाय."

मी गेले. वैतागून, मान मोडेस्तोवर मागे वळून पाहत, चिखलात चाक घालून, नाल्यापर्यंत गेले. समोर सगळा अंधार. शेत नाही, भारा नाही, माणूस नाही. फक्त दूरवर एक लाल ठिपका.

"आता?" फोनमधून आवाज आला. "खरं सांग. अनोयखी ड्रायवरले दिसन का?"

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि तो ठिपका पुन्हा नीट पाहिला.

"सांग ना वं. दिसतो का मी?"

"दिसता बाबा," मी म्हटलं. "दिसून राह्यले तुमी."