अंगणातून पत्र वाचणारा पोस्टमन

आमच्याकडे पत्र आलं की ते वाचण्यापूर्वी दत्तारामकाका दोन पावलं मागे सरत. पत्र आईच्या हातात, आई उंबऱ्याच्या आत, आणि पत्र वाचणारा पोस्टमन पायरीच्याही पलीकडे अंगणात, असा तो सोहळा असे. आई कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राही. काका मान मागे टाकत, डोळे किलकिले करत आणि म्हणत, "जरा वर धरा, वहिनी. हां. आता उजेडाकडे." मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि पत्र असंच वाचतात अशी माझी समजूत होती. शाळेत बाई पुस्तक हातात घेऊन वाचू लागल्या तेव्हा मला त्यांच्याविषयीच शंका आली.

"पत्र ज्याचं त्याच्या हातात असावं," असं काका या पद्धतीचं कारण देत. खरं कारण पंचेचाळिशी उलटलेल्या कुणालाही ठाऊक असतं, आज मलाही चांगलंच ठाऊक आहे. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. आधी त्यांनी हात लांब केले. हात पुरेनात तेव्हा माणसं लांब उभी केली.

वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली होती. पुरुष गिरणीत, बायका घरी, आणि शिकलेलं माणूस शोधावं लागे. माझे वडील सहीपुरते शिकलेले. त्यामुळे पत्र पोचवणाऱ्यानेच ते वाचून दाखवायचं, हा काकांच्या नोकरीत नसलेला पण त्यांना फार आवडणारा भाग होता. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे आल्याशिवाय ते सुरुवात करत नसत. "सुक्या घशाने वाचलं तर बातमीपण सुकी लागते," असं म्हणत.

लांबचं मात्र त्यांना घारीसारखं दिसे. मैदानाच्या टोकाला चरणारी म्हैस कुणाची, हे ते आमच्या पायरीवरून सांगत. त्याच जोरावर त्यांनी चष्मा टाळला होता. कुणी चाळिशी लावा म्हटलं की म्हणत, "मला? अहो, हल्ली लोक अक्षरच बारीक काढतात. शाई महाग झाली ना." फारच मागे लागलं तर म्हणत, "चष्मा लावला की माणूस हेडक्लार्क दिसतो. मग बायका पत्र वाचायला सांगतील काय?" पत्ते वाचायची त्यांना गरज नव्हती. पोस्टातला सोबती गठ्ठा लावून देई आणि प्रत्येक घरी येणारं अक्षर काकांच्या ओळखीचं झालं होतं.

आमच्याकडे येणारं अक्षर गावच्या मास्तरांचं. माझी आजी, म्हणजे आईची आई, त्यांच्याकडून लिहून घेई. आजोबांचं, म्हणजे बापूंचं, पत्र कधीच येत नसे. माझे वडील शेती सोडून गिरणीत लागले आणि आईने त्यांच्या पाठोपाठ बिऱ्हाड हलवलं, तेव्हा बापू तिला म्हणाले होते, "मुंबयक गेलंस तर परत माझ्या दारात येव नको." आई आली आणि परत गेली नाही. पण आजीचं कार्ड वाचून झालं की ती दरवेळी विचारी, "बापूंचं काही आहे का, भावजी?" काका डोळे बारीक करून कार्डाकडे बघत आणि म्हणत, "बाकी नमस्कारच आहेत, वहिनी." आई कार्ड तारेला टोचून ठेवी आणि कामाला लागे. दिवसभर मग ती माझ्यावर उगाच डाफरे.

एका शुक्रवारी सकाळी काका आले ते दारापर्यंत आलेच नाहीत. अंगणातच उभे राहिले. हातातल्या कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता. कुणी गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची पद्धत तेव्हा सगळ्यांना माहीत होती. असं कार्ड घरात नेत नसत. अक्षर मास्तरांचं नव्हतं, पेन्सिलीने लिहिलेलं आणि पुसट होतं. काकांनी ते हातभर लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं, पण एक अक्षर लागेना. मग जे त्यांनी आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही ते केलं. टोपी काढली आणि विचारलं, "वहिनी, गावी म्हातारं माणूस कोण?"

"बापू," आई म्हणाली.

"आंघोळ करून घ्या," काका म्हणाले.

आई खाली बसली ती उठेना. शेजारणींनी तिला नळावर नेऊन तिच्या डोक्यावर पाणी घातलं. ती एकच वाक्य म्हणत होती, "माझ्याशी बोलले पण नाहीत." कार्ड फाडून टाकायचं असतं, पण तिने ते फाडू दिलं नाही. तुळशीपाशी दगडाखाली ठेवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला डोक्यावर तांदळाचं बोचकं आणि हातात छत्री घेऊन बापू आले.

कार्ड त्यांच्या आधीच्या बोटीने आलं होतं. अंगणातल्या बायका पाहून त्यांनी विचारलं, "कोण गेला?" शेजारची एक म्हातारी धीर करून म्हणाली, "तुम्हीच." बापूंनी बोचकं खाली ठेवलं. "मी? आणि माका कोणी सांगूक नाय ता?" आई ओल्या केसांनी धावत आली आणि तिने त्यांच्या पायांना मिठी मारली. बापू इतके कठोर, पण त्यांनाही खाली वाकून तिला उठवता येईना, कारण तेच रडत होते.

संध्याकाळी ड्युटी संपवून दत्तारामकाका समाचाराला आले. पायरीवर एक अनोळखी म्हातारा विडी ओढत बसला होता. काका त्यांच्या शेजारी टेकले.

"गावाकडून आलात?"

"होय."

"शेवटी कसं काय झालं हो?"

"काय होतला? जेवलंय आणि बोटीत बसलंय," बापू म्हणाले.

काकांचा चेहरा बघायला सगळी चाळ दारात उभी होती. कार्ड बापूंनी स्वतःच लिहिलं होतं, आणि फाटलेल्या कोपऱ्याचा खुलासाही त्यांनीच केला. "वासरान कोपरो खाल्ल्यान. तेवढ्यासाठी दुसरा कार्ड नासवूचा?" मग त्यांनी नाकावरचा दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला आणि काकांच्या हातात दिला. "हो घाल डोळ्यार आणि वाच."

काकांनी चष्मा लावला. कार्ड हातात, नाकापासून वीतभर. त्यांनी एका दमात वाचलं, "बोटीने निघतो आहे. शुक्रवारी पोचेन. नातीला बघायचं आहे." मग कार्ड खाली करून ते आपल्या तळहाताकडे बघत बसले. "च्यायला, इतक्या रेघा आहेत माझ्या हातावर?" ते म्हणाले, आणि चाळ अशी हसली की काही काळ कुणाला कुणाचं ऐकू येईना.

रविवारी ते सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्या पेटीतले सगळे चष्मे त्यांनी एकाच शिळ्या वर्तमानपत्रावर लावून पाहिले. तोवर त्या वर्तमानपत्रातल्या सगळ्या बातम्यापण त्यांच्या वाचून झाल्या. शेवटी डॉक्टरकडून नंबर काढला. डॉक्टर म्हणाले, वर लांबचं आणि खाली जवळचं असा दोन काचांचा चष्मा मिळतो. "एका चष्म्याला दोन मजले कशाला?" काकांनी विचारलं आणि फक्त वाचायचा घेतला. पहिल्या आठवड्यात तोच लावून चालले आणि दोनदा गटारात पाय घातला. मग तो दोरीने गळ्यात आला आणि कायम तिथेच राहिला.

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. मुलांना त्यांच्याबद्दल सांगताना मी बापूंची गोष्ट सांगते आणि मुलं हसतात. पण मला काका खरे कळले ते त्यानंतर. चष्मा आल्यावर दर रविवारी ते एकेका घरी जाऊ लागले. "तारेवरची जुनी पत्रं काढा. मी नीट वाचली होती की नाही बघू या." कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तक्रारही केली नव्हती. बहुतेक घरी सारं ठीक निघालं. एके ठिकाणी गाय व्यायल्याचं राहिलं होतं, त्यावर दोन वर्षांनी पेढे वाटले गेले.

आमच्याकडे आले तेव्हा बापू परत गेले होते. आईने सहा कार्डं काढून दिली. काकांनी पहिलं वाचलं, मग कार्ड आडवं केलं. मास्तर जागा संपली की उरलेलं समासात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहीत. काका वाचता वाचता थांबले. दुसरं कार्ड आडवं केलं, तिसरं केलं, मग उरलेली सगळी केली.

"काय आहे, भावजी?"

"बापू विचारतायत, वहिनी. गणपतीला येतेस काय. सहाही कार्डांवर." त्यांनी चष्मा काढला. "मला दिसलंच नाही. मी नमस्कार म्हणून मोकळा झालो."

बापू आठ दिवस राहून गेले होते, पण याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं आता ती काकांवर डाफरणार, आणि काकाही त्याचीच वाट बघत बसले होते. तिने आत जाऊन गूळ आणि पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"कोरं कार्ड आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

काकांनी पिशवीतून काढलं.

"लिहा मग. गणपतीला येते." काका समासापासून सुरुवात करायला लागले, तशी ती म्हणाली, "तिथे नको. मधोमध लिहा. मोठ्या अक्षरात."