वेगळं पातेलं

"आई गेली," शालूताईंची मुलगी फोनवर एवढंच म्हणाली. मी तेव्हा हार्लेम स्टेशनाबाहेर सायकल लावत होते... तीन आठवडे झाले त्याला.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात मी पुण्याहून इथे नेदरलँड्सला नोकरीला आले आणि दोन महिन्यांत परतीचं तिकीट बघायला लागले. ब्रेड-चीज खाऊन जीव विटला होता. शालूताई शेजारच्या, मूळच्या मालवणच्या, वीस वर्षं लंडनच्या शिवणकारखान्यात काढून लेकीकडे राहायला आलेल्या. "रडायचंय ना, मग पोटभर खाऊन रड," म्हणत त्यांनी मला एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या पाईच्या दुकानात नेलं. लाकडी बाकडी, कामावरून आलेली माणसं, वाफाळती ताटं. ताई खिम्याची पाई उलटी करून, वर व्हिनेगर ओतून खायच्या. मी शाकाहारी, म्हणून मला कुस्करलेला बटाटा आणि त्यावर तिथली पार्स्लीची, म्हणजे विलायती कोथिंबिरीची, हिरवी आमटी. वरणभातासारखं हाताने कालवलं, तर ताईंनीही चमचा बाजूला ठेवला. पाच शनिवार मी तृप्त होऊन जेवले. तिकिटाचं विसरलेच.

सहाव्या शनिवारी हौसेने कृती विचारली. म्हातारा खुशीत सांगू लागला, वाम मासा शिजवलेलं पाणी घ्यायचं, त्यात पीठ, पार्स्ली... मी ताट सरकवून तडक घरी आले. मासळीपेक्षा ताईंचाच राग आला होता. या गावात एकच माणूस आपलं वाटलं होतं, तेही असं निघालं. मी पुन्हा तिकीट शोधायला बसले.

मागोमाग ताई दारात. "चूक माझी गं. आम्हा मालवण्यांना वामीचं पाणी म्हणजे पाणीच. विचारायचं सुचलंच नाही." सारवासारव अजिबात नाही. "पुढच्या शनिवारी ये. नाही पटलं तर खुशाल जा."

गेले. ताई चक्क दुकानाच्या स्वयंपाकघरात, बाह्या सरसावून, नव्या कोऱ्या पातेल्यात पार्स्ली ढवळत होत्या. पातेल्यावरचा स्टिकरही निघाला नव्हता. म्हाताऱ्याला त्यांनी बजावलं, यात दुसरं काही शिजवायचं नाही. त्याने ते आजवर पाळलं. तरी ताई दर शनिवारी आधी स्वतः चमचाभर चाखायच्या आणि म्हणायच्या, "हं, जेव." मी इथे राहिले ती त्यांच्यामुळे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

परवा धीर करून दुकानात गेले. म्हाताऱ्याने तेच पातेलं आणलं, माझ्या ताटात वाढलं. मी नुसती बघत बसले. मग त्यानेच चमचाभर आमटी घेतली, चाखली आणि मोडक्या उच्चारात म्हणाला, "हं, जेव."

मी जेवले.