क्लचवरचं इटालियन फिनिशिंग

माझ्या मोटरसायकलचं माहेर इटली आणि सासर इंदिरानगर, नाशिक. ती घरी आली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि गाडी माझ्या आधी दोन मालकांना कंटाळलेली होती. घरातल्या दोघांनी तिचं आपापल्या पद्धतीने स्वागत केलं. बायको म्हणाली, "छान आहे. हिच्यावर दळण नेता येईल का?" वडील म्हणाले, "वय बघून खेळणी घ्यावीत माणसाने," आणि पुन्हा पेपरात शिरले.

वडील निवृत्त विज्ञान शिक्षक. उभी हयात त्यांनी दोन कामं केली. एक, आठवीच्या मुलांना खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक करायला शिकवणं. तारेचे वेढे एकमेकांना चिकटून हवेत, एक वेढा दुसऱ्यावर चढला की छडी. दुसरं काम, दिसेल त्या दारावरची लिंबू-मिरची खुडून टाकणं. आमच्या गल्लीत कोणी नवी रिक्षा आणली की आधी वडील फिरायला गेलेत का ते पाहायचा आणि मगच नजरेचा धागा बांधायचा. अशा माणसाच्या घरात मी वाढलो, त्यामुळे देवावर नाही तरी कंपनीच्या मॅन्युअलवर माझी अपार श्रद्धा आहे.

गाडी चालू होती ते चार महिने मी फार सुखात होतो, हे आधी सांगून टाकतो. कॉलेजपासून मला ही गाडी हवी होती. मधली पंचवीस वर्षं मी विमा, फरशी, पाण्याची टाकी अशा रोमांचक गोष्टींत घालवली. रविवारी सकाळी चांदवडपर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढाच माझा पराक्रम. पण येताना हेल्मेटच्या आत मी गात असायचो. घरात मी गात नाही.

ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी, चांदवडच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर, मी पडलो. वेग शून्य. गाडी उभी करताना पायाखाली खडी आली आणि दोनशे किलोचा इटालियन वारसा माझ्या डाव्या घोट्यावर निजला. पंपावरच्या लोकांनी आम्हाला दोघांना उचललं. डावा आरसा ओरखडला आणि घोटा सुजला. घरी मी सांगितलं की शनिवारी ऑफिसच्या जिन्यात पाय मुरगळला होता, तो आता सुजला. बायकोने हळद लावली. वडिलांनी पेपराच्या वरून एकदा घोट्याकडे पाहिलं आणि एकदा बाहेर उभ्या गाडीकडे.

पुढच्या रविवारी गाडी चालू झाली नाही.

म्हणजे कशी? किल्ली फिरवली की दिवे लागत, काटे थाटात वर जाऊन खाली येत, पेट्रोलचा पंप गुणगुणे. स्टार्टरचं बटण दाबलं की मात्र काहीच नाही. खोकला नाही, टक् नाही. आमच्या बँकेच्या काउंटरवर चौकशी केल्यावर असते तशी शांतता. मला लगेच कळलं की हे त्या पडण्यामुळे झालंय, आत कुठेतरी वायर तुटली आहे. आणि पडण्याबद्दल तर मी घरी खोटं बोललो होतो. त्यामुळे हा आजार मला गुपचूप, घरच्या घरी बरा करणं भाग होतं.

शिवाय पर्याय तरी काय होता? कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात. तिथल्या मुलीने फोनवर अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "सर, तुम्ही गाडी चालवत घेऊन या, मग आम्ही बघतो का चालू होत नाही ते." देवळाली कॅम्पात एक मिस्त्री आहेत, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला. ते घरी आले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, म्हणाले, "तोफेचं काही असेल तर सांगा," आणि चहा पिऊन गेले.

मग मी इंटरनेटवरून मॅन्युअल उतरवून घेतलं. मूळ इटालियन, त्याचं कोणीतरी सुडाने केलेलं इंग्रजी. त्यात 'गाडी चालू होत नसल्यास' या सदराखाली चौदा कारणांची यादी होती. मी आमच्या पोर्चमध्ये सतरंजी घातली आणि पहिल्या कारणापासून सुरुवात केली. बॅटरी काढली, चार्ज केली, बदलली. फ्यूज तपासले. रिले काढून उलटे-सुलटे केले. साइड स्टँडचा स्विच उघडला, पुसला आणि लावताना त्याचा एक स्क्रू गटारात घालवला. पेट्रोलची टाकी काढून पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर ठेवली, कारण जमिनीवर ओरखडे पडले असते. सप्टेंबरात बायकोची मावशी राहायला आली, ती टाकीच्या शेजारी झोपली. "वास येतो गं," एवढंच म्हणाली बिचारी.

अकरावं कारण होतं क्लचचा स्विच. या गाडीला क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट व्हायचं नसतं, न्यूट्रलमध्येसुद्धा. मालक शुद्धीवर आहे याची ती खात्री करून घेते. मी क्लच दाबून पाहिला. लोण्यासारखा दाबला गेला. मी अकराव्या कारणापुढे बरोबरची खूण केली.

तेव्हाच माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं आणि मी भारावून गेलो. क्लचच्या दांडीच्या बुडाशी, जिथे ती हँडलला जोडली जाते, तिथे काळ्या दोऱ्याचं एक अतिशय सुबक वेटोळं होतं. वेढ्याला वेढा चिकटलेला, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही, शेवटची गाठ आत दडवलेली. मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हटलं, "हे बघ. याला म्हणतात फिनिशिंग. दांडी थरथरू नये म्हणून दिलंय. आपल्याकडे असा विचार तरी करतात का?" ती म्हणाली, "हो का?" वडील तिथेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं. त्या दिवसापासून मी दर रविवारी दाढीच्या जुन्या ब्रशने ते वेटोळं साफ करू लागलो, फार हळुवार, एकही धागा विस्कटू न देता.

वडिलांबद्दल सांगायचं तर त्या दोन महिन्यांत त्यांनी आपली खुर्ची पोर्चमधून हलवली नाही. मी सतरंजीवर, ते खुर्चीवर. "करंट जातोय का बघ," ते म्हणत. मी म्हणे, "बघितलंय, बाबा." "मग परत येतोय का?" माझ्या हातातला मल्टिमीटर आपटावासा वाटे. "इटलीचं आहे ना, मग इटलीला विचार," हे तर रोजचं. मी इटलीलाही विचारलं. इंटरनेटवर या गाड्यांच्या मालकांची एक जागतिक सभा भरलेली असते, तिथे एका गृहस्थांनी मला कळवलं की अशा वेळी धीर धरावा आणि एस्प्रेसो प्यावी.

सप्टेंबर संपताना बायकोची स्कूटर पोर्चमध्ये जागा नाही म्हणून तिसऱ्यांदा रात्रभर पावसात भिजली आणि सकाळी तीही चालू झाली नाही. फरक इतकाच की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ती पाच मिनिटांत चालू करून दिली. बायको घरात आली, पर्स ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "दसऱ्याला आपण चालत्या गाडीची पूजा करतो. बंद पडलेल्या वस्तूला आपल्याकडे अडगळ म्हणतात. दसऱ्यापर्यंत चालू झाली नाही, तर ती विकायची." तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. मी हो म्हटलं. पण आत कुठेतरी फार लागलं. गाडी गेली असती तर माझ्या आयुष्यातून गाणं म्हणायची जागाच गेली असती, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गिऱ्हाईक आलं. चांदवडकडचे एक कांदा बागायतदार, माझ्याच वयाचे, पांढरा शर्ट, पायांत चपला. स्वतःचा पिकअप आणि सोबत जाडजूड दोर, म्हणजे गाडी न्यायचीच या तयारीने आलेले. बंद गाडी, बंद गाडीच्या भावात, असं फोनवर ठरलं होतं. टाकी मी पलंगावरून आणून जागेवर बसवली होती. मुलगी बघायला आलेल्यांसमोर बसावं तसे आम्ही तिघं पोर्चमध्ये बसलो.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मी त्यांना चौदा कारणं सांगितली, रिलेचे नंबर सांगितले, इटलीतला सल्ला सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्या शेतावरच्या मोटरी सोताच उघडतो साहेब," ते म्हणाले. "मला येवढं लय नाय कळत. पन मोटर चालू व्हत नाय, म्हंजी मधी कोनीतरी तिला नाय म्हनतंय. कोन नाय म्हनतंय, तेवढंच बघायचं."

मग ते गाडीवर बसले नाहीत, वाकले. हँडलला कान लावला. उजव्या हाताने ब्रेक दाबला, सोडला. पुन्हा दाबला. "हिकडं टिक व्हतंय." मग डावीकडे कान लावून क्लच दाबला. दाबला, सोडला, दाबला. "हिकडं नाय व्हत."

त्यांनी नखाने क्लचच्या बुडाशी चाचपलं आणि हात एकदम मागे घेतला.

"हा दोरा कोनी बांधलाय? देवाचा आसंल तर म्या नाय सोडनार. इचारून सांगा."

मी हसलो. जाणकार माणूस अडाण्याकडे बघून हसतो तसा. म्हटलं, "तो दोरा नाही हो, ते कंपनीतूनच आलंय."

"कंपनीतून?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "इटलीत बी नजर लागती का?"

मी खाली वाकून पाहिलं, ब्रश न घेता, पहिल्यांदाच. वेटोळ्याच्या खाली मुगाएवढं एक बटण होतं. क्लच दाबला की ते सुटायला हवं होतं. दोऱ्याने त्याला घट्ट दाबून धरलं होतं. दोरा शर्टाची बटणं शिवायचा होता. आमच्या घरात शिवणाच्या डब्यात त्याचं रीळ आहे.

मी बायकोकडे पाहिलं. "मी नाही हं," ती म्हणाली. "मला एवढं सरळ गुंडाळता येतं का?"

एवढं सरळ कोणाला गुंडाळता येतं ते आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. आठवीत मीही त्यांच्या वर्गात होतो. छडी खाल्ली होती.

खुर्चीवरचा पेपर वर गेला होता, फार वर. त्यामागून आवाज आला, अगदी फळ्यासमोरचा.

"डाव्या आरशावर ओरखडा होता. ऑफिसच्या जिन्यात आरसा नसतो."

या दोऱ्यामुळेच गाडी अडली आहे हे वडिलांना माहीत असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी दोरा कापून माझ्या हातात दिला असता, वर दोन टोमणे मारून. त्यांना माहीत नव्हतं. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं, की लागलं का, कुठे पडलास. जन्मभर दुसऱ्यांचे धागे तोडणारा हा माणूस मी पडलो त्याच आठवड्यात, एका सकाळी सगळे झोपलेले असताना चष्मा लावून पोर्चमध्ये आला होता आणि त्याने मुलाच्या गाडीला नजरेचा दोरा बांधला होता. आणि लाज वाटली म्हणून काळ्यावर काळा, दिसणार नाही असा. मी सगळ्यांदेखत शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

बागायतदारांनी विचारलं, "सर, सोडू का?"

"सोडा," पेपर म्हणाला.

त्यांनी तो कापला नाही. नखाने गाठ उकलली, वेढे एकेक करून सोडले, दोरा माझ्या तळहातावर ठेवला. मी क्लच दाबला. टिक. बटण दाबलं आणि गाडी अशी काही गरजली की समोरच्या बंगल्यातले आजोबा गॅलरीत आले. बायको टाळ्या वाजवत होती. मघापासून पिकअपमध्ये गाडीसाठी जागा करून ठेवलेले बागायतदार हसत हसत स्वतःचे दोर गुंडाळायला लागले.

"आता काय तुमी इकत नाय," ते म्हणाले. "वहिनी, चा टाका."

चहा झाला, ते गेले. मी तो दोरा घेऊन ओरखडलेल्या आरशाच्या दांड्याशी बसलो. तिथे काही फिरत नाही, काही दाबलं जात नाही. चार वेढे दिले, गाठ मारली. मागे चपलांचा आवाज आला. गाडी आली तेव्हापासून वडिलांनी कोणाच्या देखत तिला कधी हात लावला नव्हता. त्यांनी वाकून माझे वेढे पाहिले.

"एक वेढा चढलाय दुसऱ्यावर," ते म्हणाले. "सोड ते. बाजूला हो."

मी बाजूला झालो.