तात्यांची हाळी

शेळगावच्या फाट्यावर एसटीडी बूथ चालवणाऱ्या तात्यांना खरं तर फोनची गरजच नव्हती, असं आम्ही पोरी चेष्टेनं म्हणायचो. बूथच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी "रखमेऽऽ, फोऽऽन!" अशी हाळी दिली, की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर रखमाकाकूंच्या हातातलं खुरपं तिथंच पडायचं. तरुणपण सगळं मेंढरांमागं गेलेलं, आवाज त्या रानातच तयार झालेला. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली आणि हा माणूस त्या पिवळ्या पाटीखाली येऊन बसला.

तेव्हा घरोघरी फोन कुठले? अख्ख्या वस्तीचा नंबर एकच, तात्यांचा. लग्नपत्रिकेतसुद्धा पुढं 'पीपी', म्हणजे फोन दुसऱ्याकडचा, असं लिहून तोच छापायचे. बाहेरगावचं माणूस बूथवर फोन करून सांगायचं, अमक्याला बोलावून ठेवा, थोड्या वेळानं परत करतो. मग तात्यांची हाळी. आतल्या केबिनमध्ये कुणी मुंबईला बोलताना घसा फोडायला लागलं, की तात्या काचेवर टकटक करायचे, "आरं हळू! वरडायचं काम माजं हाय, तुजं न्हाय."

रखमाकाकूंची सुमन सुरतेला दिली होती. सासरचे लोक तिची पत्रं फोडून वाचायचे, फोनचं नाव काढू द्यायचे नाहीत. रविवारी दुपारी दळणाच्या निमित्तानं ती बाहेर पडायची आणि गिरणीशेजारच्या बूथवरून इकडं फोन लावायची. रखमाकाकू त्या वेळी ओट्यावर येऊनच बसायच्या. बोलणं कसलं, दोघी नुसत्या "बरी हाय ना?" "हाय गं" करायच्या. तात्या तेवढ्या वेळ उगाच बाहेर जाऊन तंबाखू मळत उभे राहायचे.

नव्वदचं दशक सरत आलं तशी बारामतीत इंटरनेटची दुकानं निघाली. मी तिथंच कॉम्प्युटर शिकून शिकवायला लागले होते. ज्यांची पोरं परदेशात होती ते महागडे फोन सोडून ईमेल करायला बारामती गाठू लागले. कुणाकुणाच्या घरी फोनही आले. तात्यांची केबिन ओस पडायला लागली. मी म्हटलं, "तात्या, तुम्हीही कॉम्प्युटर ठेवा, नाहीतर बूथ बसेल." ते म्हणाले, "मास्तरीणबाई, माज्या पोटावर पाय देणारं यंत्र माज्याच दारात बांधतीस व्हय?" पण त्यांच्या जावयानं जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि ठेवला एकदाचा.

मग त्यांचा प्रश्न, "पत्र जातं कुठल्या वाटंनं?" मी सांगितलं, पत्राचे तुकडे होतात, ज्याला जी वाट मोकळी दिसेल तिनं तो जातो, आणि पलीकडं सगळे पुन्हा जोडले जातात. तात्या खूश! "म्हंजी आमची मेंढरंच की! फुटत्यात आन् सांजंला वाड्यात गोळा हुत्यात. आन् एखादं ऱ्हायलं तर?" मी म्हटलं, "ते पुन्हा मागवून घेतात." "आमाला न्हाय गं मागवता आलं कधी," एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटरवर गर्दी व्हायला लागली, तीही रविवारीच. अशाच एका रविवारी माळेगावच्या कारखान्यातले एक साहेब दुबईच्या मुलाशी टाइप करून गप्पा मारत बसले. रखमाकाकू ओट्यावर बसून राहिल्या. फोन आलाच नाही. ऊन कललं तेव्हा त्या उठून गेल्या. पुढच्या खेपेला सुमनच रडत म्हणाली, "तात्या, नुसता एंगेज लागत हुता वं."

तात्यांनी मला बोलावून घेतलं. "तुकड्या-तुकड्यानं जातंय म्हणालीस ना? मग मदल्या फटीतनं पोरीचा फोन का न्हाय आला?" मी कपाळाला हात लावला. तात्यांना वाटलं होतं, मेंढरांच्या दोन कळपांमधून माणूस निघतं तसा फोन निघेल! मी समजावलं, बाहेर वाटा शंभर असतील, पण आपल्या बूथपासून एक्स्चेंजपर्यंत तार एकच आहे. नेट चालू असलं की ती अडते.

त्या दिवसापासून रविवारी कॉम्प्युटरवर गोधडी. मी भांडले. "अहो, धंद्याचा तोच दिवस! गिऱ्हाईक बारामतीला जाईल, बूथ बंद पडेल." तात्या शांतपणे म्हणाले, "पडू दे. साहेबाला धा दुकानं हायत. त्या पोरीला ह्यो एकच नंबर पाठ हाय."

गिऱ्हाईक गेलंच. रविवारी बूथवर तात्या आणि रखमाकाकू, दोघंच. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगते, पाया पडावंसंही वाटायचं.

आणि एका रविवारी घंटी वाजली. रखमाकाकूंनी रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो कानाला लावला. सुमन म्हणत होती, "मला न्यायला या. फोनचं कळलंय त्यास्नी. आज घरात घ्यायचे न्हाईत मला." तात्या म्हणाले, "गिरणीवरनं हलू नगंस. आमी निघालो." मग ओट्यावर येऊन त्यांनी जी हाळी दिली, ती मी फाट्यावर एसटीतून उतरता उतरता ऐकली. "सुमीला आणायचीऽऽ! गाडी काढाऽऽ!" वस्तीवरून माणसं धावत आली. ऊसतोडीची जीप निघाली, आणि गुडघे धरत तात्या पुढच्या सीटवर चढले.

सुमन आली. पुढं तिनं फाट्यावरच गिरणी टाकली. बूथ मात्र लवकरच बंद झाला. पिवळी पाटी उतरली, हळूहळू मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले, आणि तात्यांना हाळी द्यायचं काही कारणच उरलं नाही.

तात्या गेले तेव्हा मी पुण्याहून पोहोचेपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी पोहोचली होती. कुणाला काही कळवायचं राहिलं नव्हतं. तरीही पिठानं माखलेली सुमन गिरणीतून बाहेर आली, बंद बूथच्या ओट्यावर चढली, आणि ओढ्याकडं तोंड करून तिनं हाळी दिली, "तात्याऽऽ गेऽऽले!"

वस्तीवरून माणसं धावत आली.