कॉम्प्युटरमधल्या बाई
नव्या प्लॅस्टिक कव्हरचा वास आला, की तेलुगू मुलखातल्या अंबरपेठच्या आमच्या मराठी शाळेतली, चपला बाहेर काढून जायची ती कॉम्प्युटरची खोली आठवते. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता आणि पुण्याची एक कंपनी आमच्याबरोबर कॉम्प्युटरवरचे मराठी धडे करणार होती. "बाई, वर्गात बोलता तसंच बोला," त्यांचा माणूस टेप सुरू करत म्हणाला. एवढं गोड कोण उगाच बोलतं? आमचं दखनी-तेलुगू मिसळलेलं मराठी पुण्याला नेऊन हसणार असतील! मी मुद्दाम शुद्ध, पुस्तकी बोलले. वर्षभराने धडे आले, तेव्हा पहिल्या बाकावरची पोरगी माझ्याकडे वळली, "ह्या आतल्या बाई काय बोलतात की, कुछ समजत नाही. तुम्ही सांगा ना." आज ती स्वतः शिकवते, पण कॉम्प्युटरमधला तो आवाज माझाच होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.